हुडाची डावी कड

ओल्या कॅनव्हासचा वास कुठंही आला की माझं बोलणं मधेच थांबतं. पुण्यात आमच्या सोसायटीत कुणी सहलीचा तंबू गॅलरीत वाळत टाकलेला असतो आणि मी भाजीची पिशवी हातात घेऊन जिन्यात उभी राहते. थोडा मातीचा, थोडा रिठ्याचा, थोडा जवसाच्या तेलाचा आणि त्या सगळ्याच्या तळाशी जळक्या पाचटाचा असा तो वास. अशा वासानं माहेर आठवतं आणि बाईला बरं वाटतं, असं म्हणतात. मला बरं वाटत नाही. मी उगाचच मागं वळून बघते.

यंदा माघात वहिनीचा फोन आला. माझ्या भाच्याचं, संग्रामचं लग्न ठरलं होतं. मुलगी डाळजची. पत्रिका आधीच आली होती, साडीचा रंगही विचारून झाला होता, त्यामुळे आता आणखी काय राहिलं ते मला कळेना.

"वन्सं, लग्नाच्या चार दिस आदी या," वहिनी म्हणाली.

"मी येऊन काय करू? आचारी तुम्ही ठरवला, मांडव तुम्ही ठरवला. पापड लाटायचं वय गेलं माझं."

"वरात हे सोता चालवणार म्हंत्यात. आपल्या जीपनं. हूड खाली पाडून."

"मग चालवू दे की दादाला. मिसरूड फुटायच्या आधीपासून चालवतोय."

फोनमध्ये मागं गाय हंबरत होती, कुणीतरी बादली आपटली. मग वहिनी हळूच म्हणाली, "तुमी या आन हूड बघा. मंग मला सांगा, मी येडी का शानी."

मी गेले.

माहेरी, पणदऱ्याला उतरलं की उसाच्या हंगामात पहिल्यांदा नाकालाच कळतं. मळीचा आंबूस, जड वास, त्यात उकळत्या रसाचा गोडवा. लहानपणी आम्हाला तो वास येतच नव्हता, जसा स्वतःच्या घराचा येत नाही. आता येतो. आणि आभाळातून काजळी पडत असते. कारखान्याच्या चिमणीतून आलेली, पेटवलेल्या फडातून आलेली, काळी, हलकी, बोटभर लांब. ती खाली येताना घाई करत नाही. वाळत घातलेल्या धोतरावर, ताकाच्या पातेल्यावर, बाळाच्या टाळूवर सावकाश येऊन बसते. झटकायला गेलं की फिसकटते आणि डाग कायमचा होतो. तिच्यावर फुंकर मारायची असते. पणदऱ्याची पोरं चालायच्या आधी हे शिकतात.

जीप अंगणात होती. तात्यांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, सैन्याच्या लिलावातून आणलेली. तिचं इंजिन बदललं, टायर बदलले, रंग तर किती वेळा बदलला ते देव जाणे. आणि कापडी छत, ज्याला आमच्याकडं सगळे हूड म्हणतात, तेही दर काही वर्षांनी बारामतीचे शेखचाचा नवीन शिवून देतात. आधीची त्यांच्या वडलांनी शिवलेली. माझ्या मते आता त्या जीपमधलं जुनं असं काही राहिलेलंच नाही, पण हे दादापुढं बोलायची सोय नाही.

दादा बाह्या वर करून धूत होता. माझा हा थोरला भाऊ साठी ओलांडून गेलाय, पण जीपपाशी असला की चालीत कोवळेपणा येतो. संग्रामनं त्याला ऑनलाइन काहीबाही मागवून दिलं होतं. फेसाची बाटली, पिवळा मऊ ब्रश, निळं फडकं आणि शेवटी मारायचा एक फवारा.

"ये ये, मास्तरीणबाई," तो ओरडला. "ह्यो फवारा मारला ना, का पानी आळूच्या पानावरनं पळावं तसं पळतंय बग. तात्या बिचारे मेन वितळवत बसायचे."

त्यानं तांब्यातलं पाणी हुडावर शिंपडून दाखवलं. खरंच पळालं. वरचं छत, उजवी बाजू, मागची पट्टी, सगळं नव्या दप्तरासारखं दिसत होतं. मी कौतुक करत करत जीपला वळसा घातला आणि डाव्या बाजूला आले.

डाव्या कडेला, दोन वितींचा एक पट्टा पुढून मागपर्यंत तसाच होता. साळुंक्यांची शीट वाळून पांढरी पडलेली. काजळीवर वरून फेसाचं पाणी ओघळलं होतं आणि तिथंच सुकलं होतं. स्वच्छ कापड जिथं संपत होतं तिथं एक सरळ रेघ होती, कुणी दोरी धरून मारावी तशी.

"दादा, झालं का धुऊन?"

"झालं म्हंजी? सकाळपास्नं दुसरं काय करतोय?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती माझ्याकडंच बघत होती. मी मान खाली घातली, कारण ती रेघ मी आधी पाहिलेली होती. ह्याच अंगणात, ह्याच बाजूला, ह्याच जीपवर.

तात्यांचा हूड धुण्याचा दिवस रविवारचा. आदल्या संध्याकाळी आई रिठे भिजत घालायची. सोडा चालायचा नाही, सोड्यानं शिवणीतला दोरा कुजतो. साबण चालायचा नाही, साबणानं कापड हपापतं आणि पाणी पीत बसतं, असं तात्या म्हणायचे. सकाळी ऊन वर यायच्या आत आधी कोरडं झाडायचं. काजळी असताना पाणी लावलं की संपलंच. घोड्याच्या केसांचा एक ब्रश होता, तो फक्त ह्या कामाला. तात्या त्यानं इतकं हळू झाडायचे की तेवढा हळू हात आमच्या डोक्यावरून कधी फिरलेला मला आठवत नाही. मग रिठ्याचं कोमट पाणी, विणीच्या दिशेनं, उलटं कधीच नाही. मग विहिरीचं पाणी, पुन्हा पुन्हा. शेवटी कडेवरून ठिबकणारा थेंब बोटावर घेऊन तात्या तो जिभेला लावायचे. कडू लागला तर आणखी एक बादली. त्यांच्या चेहऱ्यावरून आम्ही ओळखायचो.

आणि मग वाळवणं. ओलं हूड घडी घालायचं नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम. खोटं बोलू नये, हा नंतर कधीतरी यायचा. कापड ताणून बसवायचं, पट्ट्या आवळायच्या, आणि दिवसभर जीपला हात लावायचा नाही. पार वाळलं की मधाच्या पोळ्याचं मेण जवसाच्या तेलात पातळ करून शिवणींवर फिरवायचं. मागच्या प्लास्टिकच्या खिडकीला तात्यांच्याच जुन्या धोतराचा तुकडा, ओला करून, एकाच दिशेनं. ती खिडकी तरीही वर्षावर्षाला पिवळट, धुरकट होत गेली. तिच्यातून मागचा रस्ता बघताना दुपारीही संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं.

पावसाळ्यात हुडाखाली कडुलिंबाच्या पाल्याची धुरी. बुरशी आली तर तात्यांना जेवण जायचं नाही. दसऱ्याला आई बॉनेटवर हळदकुंकू वाहायची, झेंडूची माळ आरशाला बांधायची, पण हुडाजवळ करंडा नेला की तात्या दुरूनच ओरडायचे, "वर नको! डाग जायचा न्हाय!" देवाचाही डाग त्यांना चालत नव्हता. उन्हाळा मात्र सगळा वरातींचा. पंचक्रोशीत कुणाचंही लग्न असो, नवरानवरी आमच्या जीपमधून मिरवायची. तेव्हा हूड खाली पाडलेलं, घडी घातलेलं, वर पांढऱ्या कापडाचं आवरण. तात्या पांढरा फेटा बांधून चालवायला बसायचे आणि गाडी अशी हळू न्यायचे की चाक फिरतंय का नाही ते कळू नये. पुढं हलगी, सनई, दोन्ही कडांनी डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बाया. त्यांच्या बत्त्यांचा सूं सूं आवाज. रॉकेल, मोगरा आणि घामाचा वास. मला वाटायचं, जगात ह्याच्यापेक्षा मोठं काही नसतं.

ती रेघ कधी यायला लागली ते मला सांगता येणार नाही. एका रविवारी तात्या धुऊन आत आले, चहाला बसले, आणि आई कसलंतरी निमित्त काढून बाहेर गेली. मी खिडकीतून बघितलं. ती डाव्या बाजूला उभी राहून, पदर खोचून, भरभर ब्रश मारत होती. तिची नजर सारखी दाराकडं. मला बघितल्यावर तिनं ओठांवर बोट ठेवलं. मला तो खेळ वाटला. आईचा आणि माझा गुपित खेळ. त्यानंतर दर रविवारी तात्या धुवायचे आणि आई मागून धुवायची, आणि तात्या बाहेर येऊन म्हणायचे, "बगा, कसं निगालंय!" आई म्हणायची, "व्हय, लई झ्याक."

मग फाटकाच्या डाव्या खांबाचा चुना मडगार्डला लागायला लागला. तात्या म्हणायचे, गडी बैलगाडी वाकडी घालतो. एकदा आमचीच कोंबडी चाकाखाली गेली. एकदा बाजाराच्या वाटेवर एका सायकलवाल्यानं शिव्या दिल्या, तात्या खाली उतरून त्याच्यावरच धावून गेले. त्या माणसानं आपली वाकडी झालेली सायकल उचलली आणि तो माझ्याकडं बघून म्हणाला, "पोरी, बापाला जप." मी कुणाला सांगितलं नाही. मला त्या वाक्याची भीती वाटली होती.

आणि त्याच सुमारास आई जीपमध्ये पुढं बसायला लागली. आधी ती मागं आमच्यात बसायची, पोटाशी डबा धरून. आता तात्यांच्या डावीकडं, पुढं. आणि अखंड बोलायची. एरवी मोजकं बोलणारी आमची आई जीपमध्ये चढली की तिचं तोंड बंद व्हायचं नाही. "शेरडं चाललीत बगा. ती बाई हंडा घिऊन निगाली. पोरं हायत शाळंची, किती धूळ उडवत्यात. हितं मोरी फुटलीय वाटतं." दादा आणि मी मागं बसून तिची नक्कल करायचो, "म्हस आली बगा, खांब आला बगा," आणि तोंडात रुमाल कोंबून हसायचो. गावातल्या बाया म्हणायच्या, उतारवयात नवराबायकोला रंग चढलाय, जोडीनं फिरत्यात. आई लाजायची. ती खरंच लाजायची का, ते आता विचारायला ती नाही.

ती डावीकडचं सांगत होती. फक्त डावीकडचं. हे मला कळलं तेव्हा मी स्वतः नोकरीला लागले होते, आणि एका दुपारी वर्गात फळ्याकडं तोंड करून उभी असताना ते कळलं. खडू हातातच राहिला.

"चा घ्या," वहिनी म्हणाली.

मी ओसरीवर बसले होते. कप तिनं माझ्या शेजारी कधी ठेवला ते माझ्या लक्षात आलं नाही. हात हलला आणि कप कलंडला, चहा जाजमावर. "अगं बाई, माझं लक्षच नव्हतं," मी म्हणाले. वहिनीनं फडक्यानं पुसून घेतलं आणि दुसरा कप आणला. मग माझ्याजवळ टेकली.

"बगितलंत?"

"बघितलं."

"गोठ्याच्या खांबाला दोनदा घासलीया. मागच्या महिन्यात आरसाच निगून पडला. इचारलं तर म्हंत्यात, खांबच पुढं आलाय. डाक्टरचं नाव काढलं का ताट सोडून उटत्यात." तिनं आवाज आणखी खाली आणला. "वरातीत डीजे असतो, वन्सं. बारकी बारकी पोरं चाकापाशी नाचत्यात. आवाजात कुणी वरडलं तरी ऐकू येतंय व्हय? संग्रामला बोलले, तर त्यो म्हंतो, पप्पांची हौस हाय, मोडू नको. माजं ऐकत न्हाईत. तुमचं ऐकत्यात. किल्ली तेवडी काडून घ्या."

"तुम्ही ती कड मागून धुता का?" मी विचारलं.

"न्हाय." ती ताठ झाली. आमच्या आईला, म्हणजे तिच्या सासूला, ती आत्याबाई म्हणायची. "आत्याबाई धुवायच्या, ठावं हाय मला. त्यांनीच मरताना सांगितलं. म्हनाल्या, तू धुऊ नगंस."

वहिनी उठून आत गेली. अंगणात काजळी पडत होती. दादा फवाऱ्याची बाटली हलवत, शीळ घालत, जीपभोवती फिरत होता. मला सरूबाई आठवली. तिला आठवायचं नाही असं मी ठरवलेलं असतं, पण ठरवून काय होतं.

सरूबाई वरातीत बत्ती धरायची. काटक, उंच, दातवण लावून काळे केलेले दात, आणि बत्ती डोक्यावर असताना मान अशी स्थिर की वाऱ्यानंसुद्धा ज्योत हलू नये. मी जीपमध्ये असले की ती माझ्याकडं बघून डोळा मारायची. त्या दिवशी वरात संध्याकाळची होती, दिवेलागणीची. आई मोरगावला तिच्या बहिणीकडं गेली होती. का गेली होती, कुणी बोलावलं होतं, काही आठवत नाही. निघताना तिनं तात्यांना म्हटलं होतं, "आजची वरात दुसऱ्या कुनाला सांगा की." तात्या हसले होते. "माज्याबिगर वरात? खुळी का काय तू?"

आईच्या जागेवर नवऱ्याचा मामा बसला होता, हातात पानाचा डबा घेऊन. तो काही सांगत नव्हता. त्यानं कशाला सांगावं? मी मागं, नवरीच्या पायाशी. तिच्या हिरव्या चुड्याचा आवाज येत होता. देवळाच्या वळणावर जीप डावीकडं वळली आणि डावी बत्ती एकदम खाली गेली. विझली नाही, आधी खाली गेली. मग काच फुटल्याचा आवाज आणि रॉकेलचा भपकारा. हलगी वाजतच होती. पुढच्यांना कळलंच नव्हतं. किती तरी वेळ ती हलगी तशीच, आनंदात, वाजत राहिली. मला अजून हलगी सहन होत नाही.

सरूबाई जगली. पाऊल गेलं. लोक म्हणाले, बाई मधी आली. तात्या म्हणाले, बाई मधी आली. सरूबाईसुद्धा पुढं तेच म्हणायला लागली, "माजंच ध्यान नव्हतं, तात्यांचा काय दोष." ती बाजारच्या दिवशी काठी टेकत आमच्या दारावरून जायची आणि आई तिला ताक द्यायला धावायची. दोघी फाटकाशी उभ्या राहायच्या. एकमेकींकडं न बघता ताकाचा लोटा दिला-घेतला जायचा. आईला माहीत होतं की बाई मधी आली नव्हती. बाई आपल्या कडेनं, जशी रोज चालायची, तशीच चालली होती.

तात्यांनी त्यानंतर जीप चालवली नाही. पण रविवारी हूड धुणं थांबलं नाही. न चालणारी जीप, घट्ट ताणलेलं स्वच्छ हूड, आणि डाव्या कडेला ती रेघ. तात्यांनी मेण फिरवायच्या आधी आई गुपचूप जाऊन ती पुसून यायची. शेवटपर्यंत तात्यांना कुणी सांगितलं नाही. ह्याला माया म्हणतात हे मला ठाऊक आहे. मला त्या मायेचा अजून राग येतो.

मी ओसरीवरून उठले.

"दादा, डावी कड धुवायची राहिलीय."

"कुठं?" तो डावीकडं आला. मान पूर्ण वळवून बघितलं, तेव्हा त्याला दिसलं. त्यानं हात लावला. वाळलेली शीट त्याच्या नखाखाली मोडली. क्षणभर त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला, चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखा. मग लगेच सावरला. "ही आत्ता पडली आसंल. साळुंक्या लई माजल्यात."

"काजळी पण आत्ताच पडली? वाळून खडखडीत झालीय."

"तुला काय म्हनायचंय?"

"तुला डावीकडचं दिसत नाही. तात्यांना दिसत नव्हतं तसंच."

आत भांड्यांचा आवाज थांबला. दादानं फवाऱ्याची बाटली बॉनेटवर आपटली. "हिनं बोलावलं व्हय तुला? मला सगळं दिसतंय! तात्यांचं वय झालं हुतं. माज्या लेकाची वरात हाय, मीच चालवनार. चाळीस गावांत गाडी चालवली मी, एक कुत्रं मारलं न्हाय."

"मग भांडतोस कशाला? दिसत असेल तर दाखव."

"घे! घे परीक्षा. मास्तरीण हायेस न्हवं तू."

तो तावातावानं चालकाच्या जागेवर जाऊन बसला. दोन्ही हात स्टिअरिंगवर, छाती पुढं. मी त्याला सांगितलं, समोर गोठ्याच्या दारावर बल्ब आहे, त्याच्याकडंच बघायचं, मान हलवायची नाही. वहिनी बाहेर आली होती. मी डावीकडं जाऊन, समोर बघतानाही धडक्या डोळ्याच्या कोपऱ्यात यावी अशी, त्याच्या खांद्याच्या जरा पुढं, जीपपासून हातभर अंतरावर उभी राहिले.

"किती बोटं?" मी विचारलं.

दादा बल्बकडं बघत होता. डोळ्याची पापणी लवत नव्हती. गळ्याची शीर तट्ट फुगलेली. मग तो अगदी शांत, खात्रीच्या आवाजात म्हणाला, "दोन."

मी हात वरच केला नव्हता. दोन्ही हात माझ्या पदराखाली होते.

"बराबर ना?" दादा म्हणाला. अजून समोरच बघत होता. "सांग की. बराबर का न्हाय?"

वहिनीनं पदराचा बोळा तोंडात धरला. आई असती तर म्हणाली असती, व्हय, लई झ्याक. ते शब्द माझ्याही जिभेवर आले, खरं सांगते, अगदी तयार होऊन आले. इतक्या दिवसांच्या हौसेचं एका शब्दात वाटोळं करायला माझी जीभ रेटेना.

"न्हाय, दादा," मी म्हणाले. "मी हातच वर केला नव्हता."

त्यानं हळूहळू मान वळवली. आधी मान, मग खांदे, मग सगळा माणूस. मी त्याला दिसले तेव्हा तो माझ्या रिकाम्या हातांकडं बघत राहिला. रागावला नाही. रागावला असता तर सोपं गेलं असतं. किल्ली फिरवून काढली, वहिनीच्या हातात दिली आणि म्हणाला, "संग्रामच्या दोस्ताला सांग वरात चालवायला, पैल्या गेरातच ठिव म्हनावं." मग खाली उतरून मडगार्डवर टेकला.  कुणीतरी दूरवर फड पेटवला होता, त्याचा तडतड आवाज येत होता.

"आईला ठावं हुतं?" त्यानं विचारलं.

"हो."

"आन तुला?"

"नंतर."

त्यानं मान हलवली. बाहीनं तोंड पुसलं. मग माझ्याकडं बघून, जरा हसल्यासारखं करून म्हणाला, "आता तू बस. तात्यांचं मला आलं, मग तुला काय सोडतंय व्हय?"

"मला काय धाड भरलीय! मला सगळं दिसतं."

"मी बी तेच म्हनत हुतो. बस."

मला हसू आलं. वहिनीही हसली, रडून झाल्यावर हसतात तशी. वातावरण हलकं होतंय तर होऊ द्यावं म्हणून मी साडी सावरत चढले आणि स्टिअरिंगमागं बसले. तिथं मी आयुष्यात पहिल्यांदाच बसत होते. आम्हा मुलींना त्या जागेवर कुणी कधी बसवलंच नव्हतं. डोक्यावर धुतलेलं हूड ताणलेलं होतं, अजून दमट, थंड. मी समोर बल्बकडं बघितलं. गोठ्याचं दार, दारातली गाय, तिच्या पाठीवर येऊन बसलेली एक काजळी, सगळं कसं स्वच्छ दिसत होतं.

दादाची पावलं जीपला वळसा घालून डावीकडं, मघाशी मी उभी होते तिथंच गेली. थांबली.

"किती?" तो म्हणाला.

मी समोर बघत राहिले. त्याचा आवाज आला होता तिकडं काहीच हललं नाही. माझीच युक्ती माझ्यावर करतोय, आमचा दादा काही कमी नाही, असं मनात आलं.

"आधी हात तर वर कर," मी म्हणाले.

वहिनीचं हसणं मधेच बंद झालं.

"कवाच केलाय," दादा म्हणाला.